किल्ल्यात कोंडलेली याजकीय वस्त्रे



निर्गमच्या पुस्तकातला २८ वा अध्याय आपण बहुधा भराभर वाचून पुढे जातो. सोने, निळा, जांभळा आणि किरमिजी रंग, तलम कापड, झग्याच्या घेराला घुंगरे आणि डाळिंबे. वस्त्रांचा एवढा तपशील देवाने मोशेला कशासाठी सांगितला असावा?

उत्तर त्याच अध्यायात आहे. अहरोनाच्या एफोदाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक रत्न होते आणि प्रत्येक रत्नावर इस्राएलाच्या सहा पुत्रांची नावे कोरलेली होती. छातीवरचा ऊरपट वीतभर लांब आणि वीतभर रुंद होता. त्यावर तीन-तीन रत्नांच्या चार ओळी होत्या आणि प्रत्येक रत्नावर एका वंशाचे नाव होते. खांद्यावर आपण ओझे वाहतो, उराशी आपले माणूस धरतो. महायाजक देवापुढे उभा राहायचा तेव्हा सगळे लोक त्याच्याबरोबर आत जायचे. कपाळावरची सोन्याची पट्टी मात्र तो परमेश्वरासाठी वेगळा केलेला आहे, हे सांगायची. म्हणजे कपाळ देवाचे, खांदे आणि ऊर लोकांचे.

वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, परमपवित्रस्थानात जाताना मात्र महायाजकाने तागाची साधी वस्त्रे घालायची होती (लेवीय १६). पापांची क्षमा मागायला जाताना सोने बाहेर राहायचे.

पुढे या वस्त्रांचे काय झाले, हे यहुदी इतिहासकार जोसेफस सांगतो. हेरोद राजाने मंदिराला लागून असलेला जुना किल्ला मजबूत केला आणि मार्क अँटनीच्या नावावरून त्याला अँटोनिया असे नाव दिले. महायाजकाची वस्त्रे त्याने तिथेच आपल्या ताब्यात ठेवली. वस्त्रे आपल्या हातात असली की लोक बंड करणार नाहीत, असा त्याचा हिशेब होता. त्याच्या मुलानंतर रोमन सत्तेनेही तेच चालू ठेवले. दगडी खोलीत, याजकांच्या आणि खजिनदारांच्या शिक्क्याखाली वस्त्रे असायची. किल्ल्याचा अधिकारी तिथे रोज दिवा लावायचा. सणाच्या सात दिवस आधी ती बाहेर काढली जायची, शुद्ध केली जायची आणि सणाचा पहिला दिवस झाला की परत किल्ल्यात जायची.

इ. स. ३६ च्या सुमारास सिरियाचा सुभेदार व्हिटेलियस वल्हांडणाच्या वेळी यरुशलेमेत आला आणि त्याने ती याजकांकडे सोपवली. काही वर्षांनी फादस नावाच्या सुभेदाराने ती पुन्हा मागितली. तेव्हा यहुद्यांचे शिष्टमंडळ थेट रोमला गेले आणि इ. स. ४५ मध्ये सम्राट क्लॉडियसने त्यांच्या बाजूने निकाल दिला. एका पोशाखासाठी एवढा खटाटोप! पण त्या पोशाखावर त्यांची नावे होती.

आता पंतय पिलाताचा काळ आठवा. तेव्हा वस्त्रे किल्ल्यातच होती. म्हणजे महायाजक कयफाला सणाचा पोशाख रोमन अधिकाऱ्याच्या हातून घ्यावा लागत होता. लोकांची नावे उरावर घेणाऱ्या याजकाने ‘लोकांसाठी एका माणसाने मरावे’ हा सल्ला दिला, तो रोमनांच्या भीतीपोटी.

त्याच दिवसांत येशूने भोजनावरून उठून आपली बाह्यवस्त्रे काढून ठेवली, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. योहानाने त्या रुमालासाठी वापरलेला ग्रीक शब्द तागाच्या कापडाचाच आहे. दुसऱ्या दिवशी शिपायांनी त्याचे कपडेही वाटून घेतले. अंगरखा बिनशिवणीचा होता, म्हणून न फाडता त्यावर चिठ्ठ्या टाकल्या. जोसेफसने महायाजकाच्या झग्याचे वर्णनही बिनशिवणीचा असेच केले आहे. वधस्तंभावर आपल्या महायाजकाच्या अंगावर ना ऊरपट होता, ना रत्ने. पण ज्यांनी खिळे ठोकले त्यांच्यासाठीही त्याने क्षमा मागितली. नावे कोरलेली वस्त्रे किल्ल्यात कोंडता येतात. नावे वाहणारे मन कोंडता येत नाही.

बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्यालाही शुभ्र वस्त्र मिळाले आणि ख्रिस्ताच्या याजकपणात आपण सहभागी झालो. तेव्हा या रविवारी मिस्सेला जाताना चांगले कपडे जरूर घाला; पण कोणाची तरी नावे उराशी घेऊन चला. घरातल्या आजाऱ्याचे, शेजारच्या बेकार तरुणाचे आणि ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याचेही.