'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती': रोजचा धोका दिसेनासा का होतो?

20 ऑगस्ट 2021. बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेड राजा तालुक्यात, दुसरबीडजवळच्या तढेगाव परिसरात एक टिप्पर उलटला. टिप्परमध्ये समृद्धी महामार्गाच्या कामासाठी लागणाऱ्या लोखंडी सळया होत्या आणि त्यांच्यासोबत मजूरही बसलेले होते. या अपघातात 13 मजुरांचा मृत्यू झाला. पोटासाठी परराज्यातून आलेली ही माणसं होती.

याच तालुक्यात 1 जुलै 2023 रोजी समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटून 25 जणांचा बळी गेला. तो अपघात बहुतेकांना आठवतो. टिप्परचा फारसा कुणाला आठवत नाही. खरं तर कामाच्या ठिकाणची सुरक्षितता समजून घ्यायची असेल तर टिप्परकडेच आधी बघायला हवं.

मालवाहू गाडीत, तेही मालासोबत, माणसं बसवू नयेत हे कुणाला माहीत नसतं? मजुराला माहीत असतं, चालकाला आणि ठेकेदारालाही. तरी माणसं बसतात. म्हणजे भिंतीवर 'सुरक्षा प्रथम'चा आणखी एक फलक लावून हा प्रश्न सुटणारा नाही.

काल काही झालं नाही, मग आज काय होणार?

28 जानेवारी 1986 रोजी अमेरिकेचं 'चॅलेंजर' अंतराळयान उड्डाणानंतर 73 सेकंदांत नष्ट झालं. सात अंतराळवीर गेले. रॉकेटच्या सांध्यातलं रबरी कडं थंडीत नीट काम करू शकलं नव्हतं. डायन वॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी या निर्णयाचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांना दिसलं ते असं: आधीच्या उड्डाणांमध्येही त्या कड्यांची झीज आढळली होती, पण यान दर वेळी सुखरूप परतलं. त्यामुळे 'हे चुकीचं आहे'चं हळूहळू 'एवढं चालतं' झालं. नियम मुद्दाम मोडायला कुणी बसलं नव्हतं. नियमापासून ढळणं हाच नियम झाला होता.

नासाचे इंजिनिअर आणि टिप्परमधला मजूर यांची तुलना विचित्र वाटेल. पण मन दोन्हीकडे तसंच चालतं. पहिल्या दिवशी सळयांशेजारी बसताना माणूस घट्ट धरून बसतो. पंधराव्या दिवशी तो तिथेच डुलकी काढतो. धोका तेवढाच असतो, त्याची भीती तेवढी संपलेली असते.

आपल्याकडे यासाठी एक म्हणच आहे: 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.' दोर तुटला, वीट डोक्याशेजारून गेली, मळणीयंत्रात बाही अडकली आणि निघाली, की संध्याकाळी चहावर हे वाक्य हमखास येतं. सुरक्षिततेचा अभ्यास करणारे अशा थोडक्यात टळलेल्या अपघाताला फार किंमत देतात, कारण तो फुकट मिळालेला इशारा असतो. आपण मात्र त्याची नशिबाची गोष्ट करून टाकतो. दोर का तुटला हे विचारायचं राहून जातं आणि उद्या तोच दोर गाठ मारून वापरला जातो.

नशिबाचा हा आधार किती खोल आहे, हे 2023 च्या बस अपघातानंतरही दिसलं. अपघात टळावेत म्हणून सिंदखेड राजा परिसरात महामार्गालगत 'महामृत्युंजय यंत्र' बसवलं गेलं आणि त्यावरून जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला.

बाकीचे बसलेत ना!

1968 मध्ये बिब लताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्याला खोलीत फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या फटीतून धूर सोडला. एकट्या बसलेल्यांपैकी 75 टक्के जणांनी बाहेर जाऊन सांगितलं. पण शेजारी दोन जण (ते प्रयोगकर्त्यांचेच होते) काही न झाल्यासारखे बसून राहिले, तेव्हा फक्त 10 टक्के उठले. धूर डोळ्यांत जात होता, तरीही!

धोका आहे की नाही, हे आपण डोळ्यांपेक्षा शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरवतो. पंधरा जण गाडीत चढले असताना सोळाव्याने 'मी नाही बसत' म्हणणं किती अवघड असेल, याची कल्पना करा. त्यात मुकादमाकडून अनेकदा उचल घेतलेली असते, गाव हजार किलोमीटरवर असतं आणि आजची हजेरी बुडणार असते. बाहेरून बेफिकिरी वाटते ती बरेचदा पैशांची अडचण असते.

जास्त चुका कळवणारी टीम चांगली?

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात रुग्णालयांमधल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले. चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त होत्या, कारण तिथे चूक सांगायला कुणी घाबरत नव्हतं. यातूनच पुढे 'मानसिक सुरक्षितता' ही कल्पना मांडली गेली: बोललो तर अपमान होणार नाही, काम जाणार नाही, हा भरवसा.

त्यामुळे 'आमच्या साइटवर वर्षभरात एकही तक्रार नाही' असं कुणी अभिमानाने सांगितलं, तर मला आधी शंका येते.

कायद्याने बोलण्याची सोय केली आहे. भोपाळ दुर्घटनेनंतर, 1987 मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांतल्या कामगारांना जिवाला तातडीचा धोका दिसल्यास तो व्यवस्थापनाच्या लक्षात आणून देण्याचा हक्क मिळाला. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही अशी तरतूद आहे. त्यात कामगार मालकाला आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवू शकतो. मालकाने त्यावर लगेच उपाय करायचा असतो.

प्रश्न आहे तो हा हक्क वापरायचा कुणी. हेल्मेट वाटून काम भागत नाही. गाडी निघण्याआधी मुकादमानेच 'कुणाला काही खटकतंय का?' असं विचारलं आणि पहिल्या बोलणाऱ्याची हजेरी कापली नाही, तर दुसरा बोलतो. आणि माणसांसाठी वेगळी गाडी दिली, तर विचारायचीही गरज पडत नाही.

महामार्गाचं काम आता संपलंय. 5 जून 2025 ला शेवटचा टप्पाही खुला झाला. पण सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत विदर्भातल्या कुठल्याही रस्त्यावर सकाळी सातला उभं राहून बघा. पिकअपच्या हौद्यात दाटीवाटीने उभ्या असलेल्या बायका, हातात विळे आणि डबे. मागच्या फळीवर दोघी-तिघी बसलेल्या, पाय बाहेर सोडून.