रक्तचंदनाचे उतार आणि मद्रासचे बंदर

तिरुपतीहून परतणाऱ्या मराठी यात्रेकरूच्या गाठोड्यात प्रसादाच्या लाडवाबरोबर रक्तचंदनाची वीतभर बाहुली हटकून येई, आणि घरात कोणाला मुका मार लागून अंग सुजले की ती सहाणेवर पाण्यात उगाळून तिचा गार लेप लावण्याचा शिरस्ता असे. आमच्या घरची बाहुली अशी झिजत झिजत गुडघ्यांवर आली होती. पण हे लाकूड कोठल्या मुलखाचे, हे विचारण्याची बुद्धी कोणास झाल्याचे स्मरत नाही.

मुंबईहून रायचूरमार्गे मद्रासला जाणारी आगगाडी कडप्यानंतर रेणिगुंट्याकडे वळली म्हणजे खिडकीतून शेषाचलमचे गारगोटीचे रखरखीत उतार दिसू लागतात. मातीचा थर बेताचा, पण पाण्याचा निचरा चोख. आणि पाणी तुंबणाऱ्या जमिनीत हे झाड तग धरीत नसल्याने, पिकाच्या दृष्टीने टाकाऊ ठरलेला हा खडकच त्याचे खरे माहेर होय. कडपा, चित्तूर, नेल्लूर, कर्नूल आणि तामिळनाडूची लगतची सरहद्द सोडली, तर जगात ते आपसूक कोठेही उगवत नाही.

युरोपीय शास्त्राच्या दफ्तरी त्याची नोंद झाली ती अर्काटच्या नवाबाच्या व पुढे मद्रासच्या कंपनी सरकारच्या पदरी राहिलेल्या कोनिग या वैद्यामुळे. त्याने धाडलेल्या सामग्रीवरून धाकट्या लिनिअसने या वृक्षाचे नामकरण केले. मद्रास इलाख्याचे जंगल खाते १८५६ साली क्लेगहॉर्नच्या हाताखाली सुरू झाले. त्याच्यामागून आलेला बेडम हा पेशाने शिपाई, पण वृत्तीने वनस्पतींचा वेडा; याच कडप्याच्या टेकड्यांवर त्याला आढळलेल्या एका ठेंगण्या सायकसला १८८३ साली त्याचेच नाव मिळाले. त्या सायकसचे नरशंकू पुष्टीच्या औषधासाठी आजही खुडले जातात, आणि गवताला लागणाऱ्या वणव्याहून ही खुडणीच त्याला अधिक घातक आहे, असे माझे मत आहे.

१८८२ च्या मद्रास वन कायद्याने राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या खऱ्या. परंतु सरकारी नजर प्रायः महसुलाची, म्हणून मोजदाद होई ती तोडलेल्या ओंडक्यांची, उभ्या झाडांची नव्हे. १९५३ साली आंध्र वेगळा झाला तेव्हा डोंगर तिकडे गेले आणि बंदर मद्रासकडे राहिले. जपानी शामिसेन वाद्याच्या दांड्यासाठी आणि चिनी शाही धाटणीच्या सामानासाठी या लाकडाला सोन्याचा भाव आला, तशी चोरट्या मालाची वाट याच बंदराकडे वळली. १९९५ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे, जंगलातून तोडलेल्या लाकडाच्या निर्यातीला आपल्याकडे बंदी आहे, जप्त मालाने सरकारी गुदामे भरली आहेत. पण शिक्षा भोगतो तो बहुधा कुऱ्हाड धरणारा. ७ एप्रिल २०१५ रोजी शेषाचलमच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात २० जण ठार झाले. ते तमिळ मुलखातले होते, मजुरीसाठी डोंगर चढलेले.

ओंडका बंदरात सापडला तरी बुंधा खडकातच राहतो. पुढच्या पावसात त्याला फुटवे येतात. लाल गाभा धरायला मात्र कित्येक दशके लागतात.