दांपत्यसंवाद : बोलका आणि अबोल जोडीदार

पती-पत्नींपैकी एक बोलका आणि दुसरा अबोल असताना घरात बोलण्या-ऐकण्याचा मेळ बसवण्याची रीत. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये मांडलेल्या बहिर्मुख व अंतर्मुख या संज्ञा येथे नेहमी वापरल्या जातात. बहिर्मुख माणसाला बोलता बोलता सुचत जाते. अंतर्मुख माणूस आधी मनात जुळवाजुळव करतो.

कमी बोलणारा तो चांगला ऐकणारा, ही समजूत मात्र साफ चुकीची. मोबाइलवर नजर ठेवून नुसते ‘हं’ म्हणणाराही गप्पच असतो. एकाने विषय लावून धरायचा, दुसऱ्याने काढता पाय घ्यायचा, की पहिल्याचा आवाज आणखी चढतो. याला ‘मागणी-माघार’ आकृतिबंध म्हणतात. अँड्र्यू क्रिस्टेन्सन व ख्रिस्तोफर हेव्ही यांच्या १९९० च्या अभ्यासात माघार बहुधा नवरेच घेताना दिसले. पण बदल नवऱ्याला हवा असलेल्या विषयावर हा फरक उरला नाही. तेव्हा सगळा दोष स्वभावावर ढकलणे बरोबर नाही.

उपायांपैकी डेन्व्हर विद्यापीठातील हॉवर्ड मार्कमन व स्कॉट स्टॅन्ली यांची ‘वक्ता-श्रोता’ पद्धत प्रसिद्ध आहे. ज्याची बोलण्याची पाळी, त्याच्या हातात लिनोलियमचा तुकडा किंवा एखादे कार्ड असते. त्याने थोडक्यात, स्वतःपुरते बोलायचे. दुसऱ्याने उत्तर न देता ऐकलेले आपल्या शब्दांत सांगायचे : “आईकडे जायचं मी आयत्या वेळी सांगितलं, म्हणून तुला राग आला.” ते बरोबर असेल तर पुढे जायचे, मग तुकडा दुसऱ्याच्या हाती. सुरुवातीला हे नाटकी वाटते. तरी अबोल जोडीदाराला मध्ये कोणी न तोडता वाक्य पुरे करता येते, हा लाभ मोठा आहे.

जॉन गॉटमन व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये १३० नवविवाहित जोडप्यांच्या अभ्यासावरून या पद्धतीला आव्हान दिले : सुखी जोडपी असे परत सांगत बसत नाहीत, विषय सौम्यपणे काढणे आणि नवऱ्याने बायकोचे म्हणणे मनावर घेणे अधिक मोलाचे. मार्कमन-स्टॅन्ली यांनी त्याचा प्रतिवाद केला. गॉटमन यांची एक सूचना घरोघरी उपयोगी आहे : रागाने हृदयाचे ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की ऐकू येऊनही उमगत नाही, म्हणून निदान २० मिनिटे बोलणे थांबवावे, मात्र पुन्हा केव्हा बोलायचे ते सांगूनच उठावे.

मारहाण वा धाक असलेल्या घरात ‘वक्ता-श्रोता’ पद्धत वापरू नये. तेथील गप्प बसणे भीतीपोटी असते. अशा वेळी पीडित स्त्रीला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे दाद मागता येते.