कसेल तिची जमीन

आज आपण सातबाऱ्याविषयी बोलू. सातबारा म्हटला की वाटतं, हे तलाठ्याचं आणि पुरुषांचं काम. पण मुलगी म्हणून आपण कशा वाढलो, ते या एका कागदावर दिसतं.

पनवेल-उरणकडे आपलं पीक भाताचं. राब भाजण्यापासून लावणी, बेणणी, कापणीपर्यंत बायांचे हात लागतात. आम्ही मुली शाळेच्या वयातच लावणीला वाकायला शिकलो. त्याच वयात ‘मुलगी म्हणजे परक्याचं धन’ हेही शिकलो. शेत भावाचं, हे कुणी वेगळं सांगायची गरजच पडली नाही.

मग कूळकायदा आला. 1 एप्रिल 1957 या कृषक दिनापासून कुळं जमिनीची मालक ठरू लागली. कसेल त्याची जमीन! मोठी गोष्ट होती ती. पण कसणाऱ्या घरात नाव लागलं ते बहुतेक पुरुषाचं. ‘कसेल तिची’ असं कुणाच्या मनातही आलं नाही.

पुढे 1970 साली सिडको आली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला, त्यात बायाही उतरल्या. जानेवारी 1984 मध्ये गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. पण मोबदला असो की भूखंड, तो कागदावरच्या नावाला किंवा त्याच्या वारसांना मिळणार. म्हणजे प्रश्न पुन्हा तिथेच आला: वारस कोण?

याचं उत्तर बदलायला फार वर्षं लागली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलात मुलीच्या वारसाहक्काचा आग्रह धरला. ते बिल अडलं, आणि 1951 मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. 1956 च्या वारसा कायद्याने मुलीला वडिलांची वारस मानलं, पण वडिलोपार्जित जमिनीत जन्मापासूनचा हक्क मुलांनाच राहिला. 22 जून 1994 ला महाराष्ट्राने तो मुलींनाही दिला, मात्र त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. 9 सप्टेंबर 2005 पासून देशाच्या कायद्याने लग्न झालेल्या मुलींनाही मुलाइतकाच हक्क दिला. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 पूर्वी कायदेशीर वाटप झालं असेल तर ते मात्र मोडत नाही. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांना लागू आहे. आपल्या ठाकूर, कातकरी बहिणींना तो थेट लागू नाही. ती लढाई अजून बाकी आहे.

कायदा बदलला, पण आपलं वाढणं बदललं का? वारस नोंदीची वेळ आली की बहिणीपुढे हक्कसोड पत्र येतं. ‘सही कर, माहेर तुटायला नको.’ एक साडी मिळते आणि हिस्सा जातो. भावावर माया असते म्हणून आपण सही करतो, हे खरं. पण माया दोन्हीकडून असेल, तर सोडायचं नेहमी बहिणीनेच का? स्वतःच्या मर्जीने सोडायचं असेल तर जरूर सोडा. मात्र कागद वाचून घ्या, हिस्सा किती ते विचारा, आणि भीतीपोटी सही करू नका.

नवऱ्याच्या घरीही हाच विचार हवा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी आपली काही जमीन बायकोच्या नावावर केली. म्हणजे शेतकरी घरांत हे होऊ शकतं.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरचा सातबारा आणावा. सगळ्या मिळून वाचू, नावं कुणाची आहेत ते पाहू. आणि येताना मुलीबरोबर मुलालाही आणा. बहिणीचा हिस्सा असतो, हे त्यालाही लहानपणीच कळू दे.