अधिक वजनाच्या चालकासाठी स्कूटरची पुढची स्प्रिंग: बदल कधी, कसा आणि किती

स्कूटर कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिच्या पुढच्या चाकावरील स्प्रिंग एकाच ताकदीची असते. पंचावन्न किलोची विद्यार्थिनी आणि शंभर किलोचा व्यापारी या दोघांनाही तीच स्प्रिंग वाहून नेते. मागच्या शॉक ॲब्सॉर्बरचा ताण कमी-अधिक करण्याची सोय काही मॉडेलांत असते. पुढे ती बहुधा नसते. परिणामी वजनदार चालकाने ब्रेक दाबताच स्कूटरचे तोंड खाली जाते, खड्ड्यात ‘ठक्’ असा आवाज येतो आणि वळणावर हँडल सैल वाटते. हा केवळ आरामाचा प्रश्न नाही. स्प्रिंग शेवटपर्यंत दबली की पुढचा धक्का टायर, रिम आणि हँडल यांनाच सोसावा लागतो आणि चाकाची रस्त्यावरील पकड क्षणभर सुटते.

या प्रश्नाचे स्वरूप ठिकाणागणिक बदलते. ग्वाल्हेर हे त्याचे बोलके उदाहरण आहे. दौलतराव शिंदे यांच्या छावणीतून १८१० च्या सुमारास वसलेले लष्कर, जुने ग्वाल्हेर आणि मुरार मिळून हे शहर बनले आहे. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा या शहराशी जुना संबंध आहे. जुन्या वस्तीतील अरुंद गल्ल्या, उरवाई दरवाजाच्या बाजूने किल्ल्यावर जाणारा चढ आणि टोकाचे हवामान या तिन्ही गोष्टी स्कूटरच्या पुढच्या सस्पेन्शनची परीक्षा पाहतात. गोव्यात उन्हाची आणि थंडीची टोके नाहीत, पण घाटरस्ते, पावसाळी खड्डे आणि खारी हवा आहे. त्यामुळे तत्त्व एकच असले तरी काळजी वेगवेगळी घ्यावी लागते.

आधी प्रकार ओळखावा

स्कूटरच्या पुढच्या सस्पेन्शनचे मुख्यतः दोन प्रकार आढळतात. पहिल्यात चाक एका किंवा दोन छोट्या दांड्यांवर खालीवर होते आणि त्याला आखूड शॉक ॲब्सॉर्बर जोडलेला असतो. व्हेस्पाची आणि जुन्या बजाज चेतकची परंपरा ही एका बाजूने चाक धरण्याची, तर होंडा ॲक्टिव्हाच्या सुरुवातीच्या पिढ्यांत दोन्ही बाजूंना दांड्या होत्या. दुसरा प्रकार मोटरसायकलसारख्या दोन नळ्यांच्या टेलिस्कोपिक फोर्कचा. ॲक्टिव्हा १२५ मध्ये तो २०१४ साली, तर ११० सीसीच्या ॲक्टिव्हात जानेवारी २०२० मध्ये सहाव्या पिढीबरोबर आला. सुझुकी ॲक्सेस आणि टीव्हीएस ज्युपिटर यांतही टेलिस्कोपिक फोर्क आहे.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण टेलिस्कोपिक फोर्क उघडून त्यातील स्प्रिंग आणि तेल वेगवेगळे बदलता येते. दांडीच्या प्रकारात शॉक ॲब्सॉर्बर बहुधा बंद असतो. तेथे संपूर्ण नगच बदलावा लागतो.

दोष स्प्रिंगचाच आहे का?

नवी स्प्रिंग शोधण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात. टायरमधील हवा उत्पादकाने सांगितलेल्या दाबाची आहे का? फोर्कच्या सीलमधून तेल गळते का? हँडलचे बेअरिंग, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील ‘कोन सेट’, ढिले झाले आहे का? दांडीच्या प्रकारातील रबरी किंवा धातूचे बुश झिजले आहेत का? यांपैकी काहीही बिघडलेले असेल तर कडक स्प्रिंग तो दोष झाकते, दुरुस्त करत नाही.

पाचवी तपासणी जुन्या स्प्रिंगच्याच लांबीची. वर्षानुवर्षे दबून स्प्रिंग आखूड होते. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तिच्या मोकळ्या लांबीची किमान मर्यादा दिलेली असते. लांबी त्या मर्यादेखाली गेली असेल, तर कंपनीच्याच मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगांची जोडी घालूनही बरेच काम भागते.

मोजणीची रीत

स्प्रिंग बदलण्याचा निर्णय अंदाजाने नव्हे, टेपने घ्यावा. त्यासाठी दोन मदतनीस लागतात. स्कूटर मेन स्टँडवर घेऊन मागून दाबावी, म्हणजे पुढचे चाक उचलले जाते आणि फोर्क पूर्ण लांब होतो. या स्थितीत फोर्कवरील दोन ठरावीक खुणांमधील अंतर मोजावे. नंतर स्कूटर दोन्ही चाकांवर उभी करून चालकाने हेल्मेटसह, नेहमीच्या सामानासह बसावे, पाय फ्लोअरबोर्डवर ठेवावेत आणि एका मदतनीसाने तोल सांभाळावा. स्कूटर दोन-तीनदा हलकेच दाबून सोडावी आणि तेच अंतर पुन्हा मोजावे. दोन मापांतील फरकाला ‘सॅग’ म्हणतात.

रस्त्यावरील वाहनासाठी सॅग फोर्कच्या एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश असावा, असा प्रचलित दंडक आहे. एकूण हालचाल ८० मिलिमीटर असेल तर २० ते २७ मिलिमीटर सॅग ठीक. तो ३८ मिलिमीटर भरला, तर खड्डा आणि ब्रेक या दोहोंसाठी मिळून फक्त ४२ मिलिमीटर उरतात. अशा वेळी बदल रास्त ठरतो.

भार पुढे किती येतो?

स्कूटरचे इंजिन मागे, चालकाची बैठकही मागच्या चाकाकडे झुकलेली. त्यामुळे चालकाच्या जादा वजनाचा मोठा वाटा मागच्या चाकावर पडतो. म्हणून मागच्या शॉक ॲब्सॉर्बरची सोय असल्यास तो ताण आधी जुळवून घ्यावा. मागची बाजू बसलेली असेल तर पुढचा फोर्क अधिक तिरका होतो आणि हँडल हलके पडते. हा दोष पुढच्या स्प्रिंगच्या माथी मारला जाण्याची शक्यता असते.

पुढच्या स्प्रिंगची खरी कसोटी ब्रेकच्या वेळी लागते. एक हिशेब पाहता येईल. समजा, ११० किलोची स्कूटर, दोन चाकांच्या मध्यांमधील अंतर १.२६ मीटर, गुरुत्वमध्याची उंची ०.६ मीटर आणि वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद या दराने घटवणारा जोरदार ब्रेक. चालक ६० किलोचा असेल तर पुढच्या चाकावर सुमारे ४१ किलोचा भार नव्याने सरकतो. ९० किलोचा असेल तर सुमारे ४८ किलोचा. दोन्ही स्प्रिंगांची मिळून ताकद दर मिलिमीटरला १२ न्यूटन धरली, तर पहिल्या वेळी फोर्क ३४ मिलिमीटर आणि दुसऱ्या वेळी ४० मिलिमीटर जादा दबतो. आता स्प्रिंग २० टक्के कडक केली, तर ९० किलोच्या चालकासाठी हा आकडा ३३ वर येतो, म्हणजे हलक्या चालकाच्या मूळ अनुभवाइतका. किल्ल्याच्या किंवा घाटाच्या दहा टक्के उतारावर वेग स्थिर राखण्यासाठी ब्रेक धरला, तरी सुमारे साडेनऊ किलोचा भार पुढे येतो.

हा हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून एक बोध स्पष्ट होतो. तीस किलो जादा वजनासाठी दुप्पट कडक स्प्रिंग लागत नाही. पंधरा-वीस टक्क्यांचा बदल बहुधा पुरतो.

स्प्रिंगची निवड

स्प्रिंगची ताकद तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढते. तार अवघी ५ टक्के जाड झाली, तरी बाकी मापे तीच असताना स्प्रिंग सुमारे २१ टक्के कडक होते. त्यामुळे ‘थोडी जाड तार’ ही मोघम मागणी धोक्याची आहे. नवी स्प्रिंग घेताना लांबी, बाहेरचा व्यास, तारेची जाडी आणि वेढ्यांची संख्या ही चारही मापे जुळवावीत. पूर्ण दबल्यावर वेढे एकमेकांना टेकण्यापूर्वीच फोर्कची हालचाल संपली पाहिजे. जाड तारेच्या स्प्रिंगमध्ये ही जागा कमी होते. स्प्रिंग नेहमी जोडीने बदलावी.

दोन जुगाड टाळावेत. पहिला, मूळ स्प्रिंगचे वेढे कापण्याचा. वेढे कमी झाल्याने स्प्रिंग कडक होते हे खरे, पण ती आखूडही होते, तोंड खाली येते आणि सपाट घासलेले टोक नाहीसे झाल्याने ती तिरकी बसते. दुसरा, जाड वायसर किंवा नळीचा तुकडा घालून सारे भागवण्याचा. अशा तुकड्याने प्रीलोड वाढतो, पुढची उंची काही मिलिमीटर वर येते आणि सॅग सुधारतो. परंतु स्प्रिंगची ताकद तीच राहते. सॅग किंचित जास्त असेल तर हा उपाय योग्य आहे. फोर्क वारंवार शेवटपर्यंत दबत असेल तर तो अपुरा आहे.

तेल आणि हवामान

स्प्रिंग भार पेलते. तिची उसळी आवरण्याचे काम फोर्कमधील तेल करते. स्प्रिंग कडक केली की ती अधिक जोराने परतते. तेल जुने, पातळ झालेले असेल तर स्कूटर खड्ड्यानंतर झुलत राहते. म्हणून स्प्रिंगबरोबर तेल आणि सील बदलणे हा एकाच कामाचा भाग मानावा. दोन्ही नळ्यांत तेलाचे प्रमाण मॅन्युअलप्रमाणे मोजून भरावे. प्रमाण वाढवले तर वरची हवेची जागा आक्रसते आणि फोर्क अखेरच्या टप्प्यात एकदम ताठ होतो.

तेल किती घट्ट असावे, याचे उत्तर हवामानात आहे. ग्वाल्हेरला मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो आणि जानेवारीच्या पहाटे ५ अंशांच्या आसपास येतो. उन्हाळ्यात ठीक वाटणारे घट्ट तेल हिवाळ्याच्या सकाळी इतके दाट होते की छोट्या छिद्रांतून ते पुरेशा वेगाने सरकत नाही आणि प्रत्येक धक्का मनगटापर्यंत पोहोचतो. तेथे कंपनीने सांगितलेल्या दर्जाहून एका पायरीपेक्षा अधिक घट्ट तेल घालू नये. गोव्यात तापमान इतके बदलत नाही. येथे शत्रू पाणी आणि गंज आहेत. नळीच्या चकचकीत भागावर गंजाचा एक ठिपका उठला तरी तो नव्या सीलला कापतो. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर नळ्या व धुळीचे रबर पुसून तपासणे हितावह ठरते.

मर्यादा आणि कायदा

कडक स्प्रिंगने स्कूटरची भारक्षमता वाढत नाही. चालक, मागे बसणारा आणि सामान यांची एकत्रित मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. ती चेसिस, रिम, ब्रेक आणि टायर यांवर ठरते. टायरच्या कडेला भारांकही छापलेला असतो. उदाहरणार्थ, ५३ हा अंक २०६ किलो दर्शवतो. नवे टायर घेताना भारांक मूळ अंकापेक्षा कमी नसावा.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्याच फोर्कमध्ये त्याच मापाची स्प्रिंग घालणे आणि दुसऱ्या वाहनाचा संपूर्ण फोर्क बसवणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या बाबतीत आधी परिवहन कार्यालयात विचारणा करावी. वॉरंटी चालू असल्यास अधिकृत सेवा केंद्राकडून लेखी उत्तर आणि विमा कंपनीला कल्पना देणे शहाणपणाचे.

बदलानंतर

काम झाल्यावर सॅग पुन्हा मोजावा आणि तो वहीत लिहून ठेवावा. मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर कमी वेगाने ब्रेक लावून पाहावा. हँडल सरळ राहते का, एखादी नळी अडकते का, हे तेव्हा कळते. फोर्कवर नळीभोवती पातळ प्लॅस्टिकची पट्टी सैलसर बांधली तर ती रोजच्या फेरीत फोर्क कुठवर दबला हे दाखवते. आठवड्यानंतर पट्टी तळापासून थोडी अलीकडे थांबलेली दिसली, तर निवड योग्य. ती जेमतेम निम्म्यापर्यंतच गेली असेल, तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे. अशी स्प्रिंग ओल्या रस्त्यावरच्या लहान खळग्यांत चाकाला उसळू देते आणि मूळ मऊ स्प्रिंगइतकीच पकड घालवते.