मजूर, विद्यार्थी, व्यापारी



गेल्या दिवाळीनंतर आमच्या युनियनच्या कचेरीत एका जुन्या गिरणीकामगार सहकाऱ्याचा मुलगा आला. मुलगा इंजिनिअर झालेला. त्याच्या हातात एजंटाने दिलेला एक रंगीत कागद होता. अमेरिकेस जावयाचे तर नोकरीचा व्हिसा, शिक्षणाचा व्हिसा आणि भांडवल गुंतविणाऱ्याचा व्हिसा, असे तीन रकाने त्यावर पाडले होते. "काका, यांतला कोणता निवडू?" असे त्याने विचारले. मी वकील नव्हे. माझे शिक्षण सातवीनंतर युनियनच्या कपाटातल्या पुस्तकांवरच झालेले. परंतु तो कागद पाहताना वाटले, हे रकाने आपण पूर्वी कोठेतरी वाचले आहेत. आठवले तेव्हा कळले की ते १८८२ सालच्या एका कायद्यातले आहेत.

त्या काळी अमेरिकेच्या बंदरात उतरणाऱ्या बहुतेकांना परवाना दाखवावा लागत नसे. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून निघाल्या आणि फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय कॉलेजात दाखल झाल्या, त्या व्हिसा न काढताच. चिनी माणसासाठी मात्र ते दार त्याच्या आदल्या वर्षी बंद झाले होते. सिएरा नेवाडाचे डोंगर फोडून ज्या हजारो चिनी मजुरांनी अमेरिकेचा पूर्व-पश्चिम लोहमार्ग १८६९ मध्ये पुरा केला, त्यांच्याच भाईबंदांना ६ मे १८८२ च्या कायद्याने दहा वर्षे मज्जाव केला. पुढे ती बंदी कायम झाली.

या कायद्यात एक बारकावा होता. बंदी सरसकट चिन्यांवर नव्हती, चिनी मजुरांवर होती. मग तो कुशल असो वा अकुशल. व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक व प्रवासी यांना मोकळीक होती. मात्र आपण मजूर नाही असा दाखला त्यांनी आपल्या सरकारकडून आणावयाचा. १८८४ च्या दुरुस्तीने त्या दाखल्यावर अमेरिकन वकिलातीचा शेरा आवश्यक केला, आणि त्या शेऱ्यासाठी कायद्याने व्हिसा हाच शब्द वापरला.

मग प्रश्न आला, व्यापारी कोणास म्हणावे? फेरीवाला व्यापारी नव्हे, मासे सुकवून विकणारा नव्हे, हे १८८४ मध्येच ठरले. १८९३ च्या कायद्याने तर व्याख्याच करून टाकली. ठरलेल्या जागी, स्वतःच्या नावावर जो मालाची खरेदीविक्री करतो आणि धंद्यास आवश्यक तेवढे सोडून कोणतेही अंगमेहनतीचे काम करीत नाही, तो व्यापारी. धोबीकाम करणारा मजुरांत गेला. स्वदेशी जाऊन परत येणाऱ्या व्यापाऱ्याने दोन साक्षीदार द्यावयाचे, तेही चिनी नसलेले. आणि त्यांनी शपथेवर सांगावयाचे की, जाण्यापूर्वी वर्षभर या गृहस्थाने अंगमेहनत केलेली नाही. चोरी केली काय, खून केला काय, असे नव्हे. हाताने काम केले काय, हा येथे चौकशीचा मुद्दा! ज्याच्या तळहातावर घट्टे, त्याला दार बंद.

माणसाने यातूनही वाट काढली. ती हकीकत मोठी गमतीची आहे. १९१५ साली एका न्यायालयाने खाणावळीचा मालकही व्यापारी ठरू शकतो असा निकाल दिला. त्याबरोबर चिनी लोक पाचदहा जण मिळून आपापली शिल्लक एकत्र करू लागले व भागीदारीत खाणावळी काढू लागले. एकाने वर्षदीड वर्ष व्यवस्थापक म्हणून राहावयाचे, त्या मुदतीत ना चुलीपाशी जावयाचे ना ताटे उचलावयाची. तो व्यापारी ठरला की गावी जाऊन यावयाचा, नातलगांना आणावयाचा. मग पाळी दुसऱ्याची. अमेरिकेत चिनी खाणावळी त्यानंतर झपाट्याने वाढल्या, त्यामागे जिभेच्या चवीइतकाच हा कायदाही आहे. भिशी लावून गिरणगावात खोली घेणाऱ्या आमच्या लोकांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

आता मला जे सांगावयास जड जाते ते सांगतो. हा कायदा केवळ गोऱ्या धनिकांनी केला असता तर माझे काम सोपे होते. मालकांना स्वस्त मजूर हवाच होता. संपाच्या वेळी त्यांनी चिनी मजुरांना संप फोडण्यास वापरले, हेही खरे. परंतु बंदीची आरोळी उठली ती कामगारांच्या सभांतून. कॅलिफोर्नियाच्या कामगार पक्षाचा पुढारी डेनिस कीअर्नी हा स्वतः आयर्लंडातून आलेला. अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरचे सॅम्युएल गॉम्पर्स हे लंडनमध्ये जन्मलेले, चिरूट वळून पोट भरणारे कामगार. स्वतः परदेशातून आलेल्या या माणसांनी आपल्यामागून येणाऱ्यांपुढे दार लावून घेतले. युनियनमध्ये पहिला धडा शिकवतात तो असा की, मालक ज्याला तुमच्याविरुद्ध उभा करतो त्यालाच आधी सभासद करून घ्या. तो धडा ते विसरले असे म्हणवत नाही. त्यांनी तो जाणूनबुजून बाजूला ठेवला.

कारण दुसरी वाट दाखविणारेही होते. १९०३ साली कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्ड येथे बीट पिकविणाऱ्या शेतांवर जपानी व मेक्सिकन मजुरांनी एकत्र संघटना बांधली, संप केला आणि जिंकला. मग त्यांनी फेडरेशनशी संलग्न होण्यासाठी अर्ज केला. गॉम्पर्स यांनी मान्यतेस अट घातली की चिनी व जपानी यांस सभासद करावयाचे नाही. संघटनेचे चिटणीस लिझारास हे मेक्सिकन. त्यांना मान्यतापत्र आयते मिळत होते. आमचे जपानी भाऊ आमच्याबरोबर उपाशी राहिले, त्यांना सोडून ही मान्यता नको, अशा आशयाचे उत्तर त्यांनी पाठविले. संघटना पुढे टिकली नाही. माझ्या मते फेडरेशनने त्या दिवशी जे गमावले ते पुष्कळ वर्षे भरून निघाले नाही.

चिन्यांसाठी खोदलेल्या खड्ड्यात मग इतरही पडले. ४ सप्टेंबर १९०७ रोजी बेलिंगहॅम येथे लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या हिंदी मजुरांना, ते बहुतेक पंजाबचे शीख, गोऱ्या कामगारांच्या जमावाने मारहाण करून गावाबाहेर काढले. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियाचा मोठा भाग बंद केला. सूट पुन्हा विद्यार्थी, व्यापारी आदींनाच. चिन्यांवरील बंदी १९४३ मध्ये उठली तेव्हा वर्षाला जागा दिल्या १०५. हिंदी लोकांना १९४६ मध्ये १००.

पुढचे थोडक्यात सांगतो. १९९० च्या एकाच अमेरिकन कायद्याने आजचा एच-वन-बी व्हिसा घडविला आणि गुंतवणूकदाराचाही. गुंतवणूकदाराने १० लाख डॉलर, काही भागांत ५ लाख, घालावयाचे आणि दहा नोकऱ्या निर्माण करावयाच्या; २०२२ मध्ये हे आकडे १० लाख ५० हजार आणि ८ लाख झाले. त्याच्या बदल्यात कायमचा वास्तव्याचा हक्क, आणि वर कोणी मालक नाही. एच-वन-बीचा अर्ज मात्र कामगार करीत नाही, मालक करतो. नोकरी बदलावयाची तर नव्या मालकाने पुन्हा अर्ज करावयाचा.

हे सारे मी त्या मुलाला सांगितले. त्याने गुंतवणुकीच्या रकान्यावर आधीच काट मारली होती. "आणि काका, मालकाने मध्येच काढले तर?" मी सांगितले, २०१७ पासूनच्या नियमाने जास्तीत जास्त साठ दिवस. तेवढ्यात दुसरा मालक शोध, नाही तर परत ये. त्याने कागद उलटा केला, माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर साठ दिवसांचे घरभाडे व जेवणखर्च मांडावयास बसला.