सोलापूर ते मुंबई, ५ मिलिसेकंद

सोलापूरहून मुंबई रेल्वेने साधारण ४५५ किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर पळतो. म्हणजे मुंबईतल्या सर्व्हरला हाक मारून उत्तर यायला निव्वळ अंतरापोटी जेमतेम ५ मिलिसेकंद लागतात. वाटेतले वळसे आणि यंत्रं धरून २०-२५ म्हणू. मग सोलापूरच्या पूर्व भागातल्या, खाली टॉवेलचा कारखाना आणि वर राहणं अशा एखाद्या घरात पोरगं मोबाइलवर बीजीएमआय हा गेम खेळायला बसलं की पिंग, म्हणजे हाकेपासून उत्तरापर्यंतचा हा वेळ, ४०० मिलिसेकंदांवर का जातो?

‘नेट स्लो आहे’ म्हणून मोकळं होता येतं, पण खेळाला नेट लागतंच किती? सेकंदाला काही डझन चिमुकली पॅकेटं. गोम असते ती खाली, कारखान्यात. तिथून त्याच वेळी टॉवेलच्या नव्या डिझाइनचा व्हिडिओ व्यापाऱ्याला चाललेला असतो, नाहीतर सीसीटीव्हीचं चित्रण क्लाउडवर चढत असतं. समजा अपलोडचा वेग १ एमबीपीएस आहे आणि मोडेममध्ये १२८ किलोबाइटची साठवण. ती भरली की शेवटच्या पॅकेटला बाहेर पडायला पुरता एक सेकंद लागतो. पोराने झाडलेली गोळी त्या रांगेच्या शेपटाला उभी असते.

यावरचा इलाज काही गेमर मंडळींनी शोधलेला नाही. त्याचं कूळ १९८५पर्यंत मागे जातं आणि त्यातली एक शाखा पवईची आहे.

डिसेंबर १९८५मध्ये फोर्ड एरोस्पेसमधल्या जॉन नेगलने एक तिरपा प्रश्न विचारला: नेटवर्कमधल्या स्विचला अमर्याद साठवण दिली तर? उत्तर असं निघालं की नेटवर्क निकामी होईल, कारण पॅकेटांची मुदत रांगेतच संपेल. त्याने सुचवलं की प्रत्येक पाठवणाऱ्याची रांग वेगळी ठेवा आणि पाळीपाळीने एकेक पॅकेट सोडा. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९८६मध्ये, लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. दोघांमध्ये अंतर किती? ४०० मीटरही नाही. व्हॅन जेकबसनने मग पाठवणाऱ्यांनाच दमानं घ्यायला शिकवलं. ती शिस्त आजही टीसीपी या इंटरनेटच्या नियमावलीत आहे.

नेगलच्या पाळीत एक खोट होती. एकेक पॅकेट सोडायचं तर मोठी पॅकेटं पाठवणारा जास्त खाऊन जाणार. १९८९मध्ये ॲलन डेमर्स, श्रीनिवासन केशव आणि स्कॉट शेंकर यांनी बिटाबिटाचा हिशोब मांडला. न्याय चोख, पण प्रत्येक पॅकेटामागे क्रमवारी लावायची म्हणजे यंत्राचा घाम निघायचा.

इथे जॉर्ज वर्गीस येतो. १९८१मध्ये पवईच्या आयआयटी मुंबईतून बी.टेक. होऊन अमेरिकेला गेलेला हा संशोधक सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात होता. १९९५मध्ये त्याने एम. श्रीधर यांच्यासह जी युक्ती मांडली, ती ऐकून वाटतं, एवढंच? प्रत्येक रांगेला दर पाळीला ठराविक बाइटांचा कोटा. पुढचं पॅकेट कोट्यात बसत नसेल तर थांबायचं, पण उरलेला कोटा बुडत नाही. पुढच्या पाळीत जमा होतो. क्रमवारी नाही, किचकट गणित नाही. डेफिसिट राउंड रॉबिन हे तिचं नाव, आणि या सगळ्या वंशावळीतला सगळ्यात देखणा तुकडा हाच.

घरातल्या मोडेमला मात्र कुणी विचारलं नाही. मेमरी स्वस्त झाली तशी उत्पादकांनी साठवण फुगवत नेली. एकही पॅकेट सांडू नये, हाच पराक्रम. २०१०मध्ये बेल लॅब्जचा जिम गेटिस घरून ऑफिसला एक मोठी फाइल पाठवत होता आणि त्याला आपल्याच नेटवर एक सेकंदाहून जास्त उशीर दिसला. त्याने खोदकाम केलं आणि या दुखण्याला बफरब्लोट हे नाव मिळालं.

मे २०१२मध्ये कॅथलीन निकोल्स आणि तोच जुना जेकबसन यांनी ‘कोडेल’ आणलं. ते रांगेची लांबी मोजतच नाही. पॅकेट रांगेत किती वेळ तिष्ठलं ते पाहतं. १०० मिलिसेकंदांत थांबण्याचा काळ एकदाही ५ मिलिसेकंदांच्या खाली आला नाही, तर एखादं पॅकेट सरळ टाकून देतं. पाठवणारा इशारा समजतो आणि हात आखडतो. त्याच जुलैत आलेल्या लिनक्स ३.५मध्ये एरिक डुमाझेचं ‘एफक्यू-कोडेल’ होतं: कोडेल आणि वर्गीस-श्रीधर यांची पाळी, दोन्ही एकत्र. वर आणखी एक सवलत: तुरळक, छोटी पॅकेटं पाठवणाऱ्याला आधी वाट. पंढरपुरात मुखदर्शनाची रांग पदस्पर्शाच्या रांगेहून वेगळी असते, तसंच काहीसं. २०१८मध्ये लिनक्स ४.१९मध्ये त्याचा सुधारित अवतार आला, ‘केक’.

घरी हे वापरायचं तर रांग आपल्या राउटरमध्ये आणावी लागते. मोडेममध्ये तुंबलेल्या रांगेवर राउटरचं काही चालत नाही. म्हणून मोजलेला वेग १० एमबीपीएस असेल तर राउटरला मर्यादा ९ची घालायची. ओपनडब्ल्यूआरटी चालणाऱ्या राउटरवर ‘एसक्यूएम’ नावाची सोय त्यासाठीच आहे. स्पीड टेस्टचा आकडा खाली येतो आणि घरातलं कुणीतरी हमखास कुरकुरतं, ‘पैसे दहाचे भरतो ना?’ डाउनलोडचं काम थोडं अवघड, कारण ती रांग कंपनीच्या टोकाला लागते. तिथेही मर्यादा मुद्दाम कमी ठेवून ती आपल्याकडे ओढता येते. मोबाइल डेटावर मात्र हा उपाय नीट लागू पडत नाही. तिथला वेग क्षणाक्षणाला बदलतो, मग मर्यादा ठरवायची तर कशावरून? शिवाय टॉवरकडची रांग ग्राहकाच्या हातात नाही.